व्यवहारगणित, अनुदिनी आणि ध्वनिपाठ : वर्गाध्यापनातील संख्याभाषेचा प्रश्न

१. प्रश्नाचे स्वरूप

वर्गात नवी साधने आणावीत की आणू नयेत, या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे बहुधा यंत्रांच्या अंगाने होते. शाळेत वीज आहे काय, फोन किती, शिक्षकांना प्रशिक्षण मिळाले काय, या गोष्टींचा त्यात ऊहापोह होतो. तो अनावश्यक आहे असे कोणी म्हणणार नाही. तथापि साधन कोणतेही असो, त्यातून वर्गात कोणती भाषा येणार आणि त्या भाषेचे आपण काय करणार, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात तो गणिताच्या, विशेषतः संख्यावाचनाच्या आणि तोंडी हिशेबाच्या संदर्भात मांडण्याचा विचार आहे.

येथे तीन साधने विचारात घेतली आहेत. पहिले व्यवहारगणित, म्हणजे घरी, शेतात आणि बाजारात चालणारा हिशेब. दुसरे ब्लॉग, ज्याला मराठीत अनुदिनी हा चांगला शब्द रूढ होत आहे. तिसरे पॉडकास्ट. श्रोत्याने सवडीने ऐकावी अशी ध्वनिमुद्रित भागांची माला, एवढाच त्याचा अर्थ असून आयपॉड या श्राव्ययंत्राचे नाव आणि ब्रॉडकास्ट हा शब्द यांच्या जोडातून ही संज्ञा २००४ साली प्रचारात आली. वर्गातील उपयोगापुरते त्यास आपण ध्वनिपाठ म्हणू.

ही तीन साधने वरवर पाहता परस्परांशी संबंध नसलेली वाटतात. परंतु मुलाच्या बोलण्यातील संख्या आणि शाळेच्या फळ्यावरील संख्या यांत जे अंतर पडते, ते भरून काढण्याच्या कामी तिन्हींचा उपयोग एकत्र होऊ शकतो, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. हे अंतर जेथे ओळखले जात नाही, तेथे हिशेबात पक्के असलेले मूल शाळेत गणितात कच्चे ठरते. म्हणून हा प्रश्न केवळ अध्यापनतंत्राचा मानता येत नाही.

२. सोनाळा आणि परिसर

विवेचनासाठी बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यातील सोनाळा हे गाव डोळ्यांसमोर ठेवले आहे. गाव सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. उत्तरेस अंबाबरवा अभयारण्याचा डोंगराळ प्रदेश लागतो आणि दक्षिणेस कापूस, तूर, सोयाबीन पिकविणारे काळ्या मातीचे सपाट रान पसरले आहे. अशा गावाचे शैक्षणिक महत्त्व भाषेच्या दृष्टीने फार आहे. सपाटीवरील घरांतून वऱ्हाडी बोलली जाते. सातपुड्याच्या पट्ट्यात कोरकू भाषक समाज आहे. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा. शेजारच्या जळगाव जामोद तालुक्यात निहाली भाषा बोलणारी वस्ती आहे. ही भाषा कोणत्याही ज्ञात कुळात निश्चितपणे बसविता आलेली नाही, आणि तिचे भाषक आज सुमारे दोन ते अडीच हजारच उरले आहेत. एफ. बी. जे. कायपर यांनी १९६२ साली तिच्यावर लिहिलेला तुलनात्मक ग्रंथ भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यांस परिचित आहे.

या भाषांतील संख्यावाचके पाहण्यासारखी आहेत. कोरकूत एकापासून दहापर्यंत स्वतःची नावे आहेत. मिया, बारी, आफई ही त्यांपैकी पहिली तीन. निहालीत दोन, तीन व चार यांची नावे द्राविडी भाषांतील नावांशी जुळणारी असून पाचापासून पुढील गणना शेजारच्या आर्यभाषांतून घेतलेली आहे. म्हणजे या परिसरातील मराठी माध्यमाच्या वर्गात बसलेली मुले निरनिराळ्या संख्याव्यवस्था घेऊन आलेली असू शकतात. पाठ्यपुस्तकाची प्रमाण मराठी ही त्यांच्यापैकी कोणाचीच घरची बोली नसते.

वऱ्हाडी मुलासही हे लागू आहे. वऱ्हाडीत ‘ळ’च्या जागी अनेकदा ‘य’ येतो आणि ‘ण’च्या जागी ‘न’. त्यामुळे ‘सोळा’ हा शब्द ‘सोया’ असा, ‘चाळीस’ हा ‘चायीस’ असा, आणि ‘एकोणीस’ हा ‘एकोनीस’ असा ऐकू येतो. मुलाने ‘सोया’ म्हटले आणि पाटीवर १६ लिहिले, तर गणित बरोबर आहे. पण वर्ग हसला किंवा शिक्षकांनी आधी उच्चार दुरुस्त केला, तर पुढच्या वेळी ते मूल उत्तर येत असूनही गप्प बसते. गणिताच्या तासाला केलेली ही भाषिक दुरुस्ती मुलास गणितातील चूक म्हणूनच पोचते.

३. मराठी संख्यावाचकांची रचना

मराठी संख्यावाचके शिकणाऱ्यास कठीण का जातात, याची कारणे भाषिक आहेत. ती तीन सांगता येतील.

पहिले कारण क्रमाचे. ५३ ही संख्या लिहिताना दशकाचा अंक प्रथम येतो. उच्चारताना ‘त्रेपन्न’ या शब्दात तीन प्रथम येतो. ऐकलेल्या क्रमाने लिहिणारे मूल ३५ लिहिते. ‘एकशे त्रेपन्न’ म्हणताना तर प्रथम शतक, नंतर एकक आणि शेवटी दशक असा क्रम होतो. हा विपर्यास मराठीपुरता नाही. उत्तर भारतातील आर्यभाषांत तो आहे आणि जर्मनमध्येही आहे. उलट कानडीत ‘इप्पत्तु’ म्हणजे वीस आणि ‘ओंदु’ म्हणजे एक यांचा ‘इप्पत्तोंदु’ असा लेखनाशी जुळणारा क्रम लागतो. तेलुगूतही तसेच आहे. चिनी भाषेत अकराला ‘दहा-एक’ आणि एकविसाला ‘दोन-दहा-एक’ अशा अर्थाची नावे असल्यामुळे एक ते दहा या नावांवर नव्व्याण्णवपर्यंतची गणना उभी राहते.

दुसरे कारण रूपभेदांचे. ‘तीन’ हा शब्द ‘तेरा’त ‘ते-’ होतो, ‘त्रेपन्न’मध्ये ‘त्रे-’ आणि ‘त्र्याहत्तर’मध्ये ‘त्र्या-’. ‘दोन’चे ‘बारा’, ‘बेचाळीस’, ‘ब्याऐंशी’ या शब्दांत मूळ रूप ओळखूही येत नाही. पाढ्यात तर तो ‘बे’ होतो. दशकांची नावेही स्थिर नाहीत. ‘पन्नास’ हा ‘बावन्न’मध्ये ‘-वन्न’ आणि ‘छप्पन्न’मध्ये ‘-पन्न’ होतो, ‘सत्तर’ हा ‘बाहत्तर’मध्ये ‘-हत्तर’ होतो. या रूपांमागे संस्कृत व प्राकृतापासूनचा ध्वनिपरिवर्तनाचा इतिहास आहे आणि अभ्यासकास तो नियमबद्ध दिसतो. सहा वर्षांच्या मुलास मात्र जवळजवळ शंभर नावे सुटी सुटीच पाठ करावी लागतात.

तिसरे कारण वजाबाकीच्या नावांचे. ‘एकोणतीस’ म्हणजे एकाने ऊन तीस. या शब्दात ‘एक’ही ऐकू येतो आणि ‘तीस’ही, म्हणून ३१ किंवा ३९ लिहिण्याचा मोह होतो. हा नियम एकोणनव्वदपर्यंत चालतो आणि नव्व्याण्णवाशी मोडतो.

मात्र येथेच रचनेची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. अपूर्णांकांच्या नावांत मराठी जितकी समृद्ध आहे, तितक्या भाषा थोड्या असतील. ‘सव्वा’ हा ‘सपाद’चा वंशज, ‘साडे’ हा ‘सार्ध’चा, ‘पाऊण’ हा ‘पादोन’चा, म्हणजे पावाने उणे. ‘दीड’च्या मुळाशी द्व्यर्ध, ‘अडीच’च्या मुळाशी अर्धतृतीय आणि साडेतीन या अर्थाच्या जुन्या ‘औट’ शब्दाच्या मुळाशी अर्धचतुर्थ आहे. ज्यातला दुसरा अर्धा तो दीड, ज्यातला तिसरा अर्धा तो अडीच, अशी ही कल्पना. जर्मनमध्ये दीडसाठी असलेला जुना शब्दही ‘दुसरा अर्धा’ याच अर्थाचा आहे.

याहून महत्त्वाचे असे की, हे शब्द पुढील एककाशी बांधलेले असतात. ‘पावणेतीन’ म्हणजे तिनाला पाव कमी. ‘पावणेतीनशे’ म्हणजे तीनशेला शंभराची पाव कमी, म्हणजे २७५. ‘पावणेतीन हजार’ म्हणजे २,७५०. एकक बदलले की पावाचे मूल्य बदलते, हे गणितातील एक मूलभूत तत्त्व आहे, आणि घड्याळ, तागडी व नोटा यांच्या संगतीत वाढलेले मूल ते शाळेत जाण्यापूर्वीच बोलण्यात वापरीत असते.

एके काळी शाळेने या शब्दांना स्थान दिले होते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे उजळणीचा भाग होते आणि संध्याकाळच्या परवच्यात ते म्हटले जात. रुपयाचे सोळा आणे होते तोवर त्यांचा रोजच्या हिशेबाशी संबंध होता. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणेपद्धती सुरू झाली, १९५६ च्या कायद्यानुसार वजनमापेही दशमान झाली, आणि या पाढ्यांची गरज शाळेला उरली नाही. २५ पैशांचे नाणेही २०११ साली चलनातून गेले. पण ‘पावणेदोन’, ‘सव्वाशे’, ‘अडीच हजार’ हे शब्द भाषेतून गेले नाहीत. शाळेने पाढे सोडले तेव्हा दशमान अपूर्णांक आणि बोलण्यातील अपूर्णांक यांची सांगड घालण्याचे काम कोणी करावयाचे, हे ठरविले गेले नाही, आणि ते बहुतेक ठिकाणी तसेच राहिले.

४. बाजारातील हिशेब आणि फळ्यावरील हिशेब

सोनाळ्यासारख्या गावातील शेतकऱ्याच्या घरचे मूल घ्या. तुरीचा भाव क्विंटलला सात हजार रुपये धरला आणि पावणेतीन क्विंटल तूर विकली, तर किती पैसे येतील, असा प्रश्न त्यास तोंडी विचारला. त्याचे उत्तर साधारणपणे असे येईल : “तीन क्विंटलचे एकवीस हजार. पाव क्विंटल कमी हाय, मंग त्याचे साडेसतराशे कमी करा लागते. दोन हजार काढले त एकोणीस हजार राह्यले, अडीचशे जास्तीचे गेले ते वापस.” उत्तर १९,२५०. हेच उदाहरण फळ्यावर ७००० × २·७५ असे मांडले की, तेच मूल दशांशचिन्ह कोठे द्यावयाचे या विचारात अडकते.

या दोन रीतींतील फरक नीट पाहावा. तोंडी रीतीत मुलाने ‘पावणे’ या शब्दाचाच अर्थ कृतीत उतरविला आहे. शब्दाने सांगितले की तिनातून पाव वजा कर, आणि त्याने तसे केले. लेखी रीतीत ‘पावणेतीन’चे प्रथम २·७५ मध्ये रूपांतर झाले, आणि त्या रूपांतरात वजाबाकीचा निर्देश नाहीसा झाला. आता उत्तर मिळविण्यासाठी मुलास वेगळाच मार्ग धरावा लागतो. मार्ग दोन्ही शुद्ध आहेत. पण ते एकाच गोष्टीचे मार्ग आहेत, हे मुलास कोणी दाखविलेले नसते.

हा अनुभव इतर देशांतही नोंदला गेला आहे. ब्राझीलमधील रेसिफे शहरात तेरेझिन्या न्युनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रस्त्यावर विक्री करणाऱ्या मुलांचा अभ्यास करून तो १९८५ साली प्रसिद्ध केला. मुले पाचच होती. विक्रीच्या प्रसंगी विचारलेल्या प्रश्नांची सुमारे ९८ टक्के उत्तरे बरोबर आली. तीच आकडेमोड शाब्दिक उदाहरणांच्या रूपात दिली तेव्हा सुमारे ७४ टक्के, आणि केवळ आकड्यांत मांडली तेव्हा सुमारे ३७ टक्के. २०२५ साली ‘नेचर’ या नियतकालिकात दिल्ली व कोलकाता येथील बाजारांत काम करणाऱ्या १,४०० हून अधिक मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातही बाजारातील कौशल्य शाळेच्या पद्धतीच्या उदाहरणांत उतरत नाही असे आढळले. आणि बाजारात काम न करणारी शाळकरी मुले बाजारातील हिशेबात मागे पडतात, हेही आढळले.

या दुसऱ्या निष्कर्षाकडे दुर्लक्ष होता कामा नये. बाजार म्हणजे खरे ज्ञान आणि शाळा म्हणजे कोरडे ज्ञान, असा सोपा निवाडा त्यावरून करता येत नाही. बाजारातील रीती विशिष्ट भाव आणि विशिष्ट वजने यांच्या आधाराने चालतात. अपरिचित संख्या आल्या की त्या अपुऱ्या पडतात. लेखी रीतीचे सामर्थ्य असे की ती कोणत्याही संख्येला लागू पडते. म्हणून प्रश्न निवडीचा नाही. एकीतून दुसरीत जाण्याची वाट बांधण्याचा आहे, आणि ती वाट भाषेतून जाते.

५. २०१९ चा वाद

संख्यावाचनाचा प्रश्न महाराष्ट्रात एकदा फार मोठ्याने चर्चिला गेला. २०१९ च्या जून महिन्यात बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकातील ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशा वाचनावरून वृत्तपत्रांत आणि विधिमंडळातही टीका झाली. डॉ. मंगला नारळीकर या तेव्हा गणित विषयाच्या समितीच्या अध्यक्ष होत्या. जोडाक्षरांची आणि उलट्या क्रमाची अडचण मुलांस सुरुवातीस पडू नये, हा या योजनेमागील हेतू होता. ‘एकवीस’, ‘बावीस’ ही पारंपरिक नावे काढून टाकलेली नव्हती. दोन्ही रीती मुलांपुढे ठेवलेल्या होत्या. तरीही भाषा मोडीत निघाली, असा सूर पुष्कळांनी लावला.

याच तऱ्हेचा बदल नॉर्वेने जाणीवपूर्वक केला आहे. तेथे ‘पाच आणि वीस’ अशा अर्थाची जुनी नावे होती. दूरध्वनीवर क्रमांक सांगताना होणारे घोटाळे टाळावेत म्हणून ‘वीस-पाच’ हा क्रम तेथील संसदेने मान्य केला आणि १ जुलै १९५१ पासून तो अधिकृतपणे लागू झाला. शाळा व नभोवाणी यांनी तो स्वीकारला. पण जुना क्रम बोलण्यातून सरसकट गेला नाही. अनेक दशके दोन्ही क्रम शेजारी शेजारी चालत राहिले.

दोन्ही उदाहरणांवरून भाषेच्या अभ्यासकाने घ्यावयाचा बोध मर्यादित पण स्पष्ट आहे. ‘वीस एक’ ही रचना स्थानमूल्य उघड करते, म्हणून शिकण्याची पायरी म्हणून तिचा उपयोग आहे. ‘एकवीस’ हे समाजाचे नाव आहे, म्हणून ते आल्यावाचून मुलाचे बाजारात व घरात चालणार नाही. एकीने दुसरीची जागा घ्यावी, असे मानण्याचे कारण नाही. कोरकू किंवा निहाली भाषक मुलाच्या बाबतीत तर तिसरी पायरीही लागेल : घरच्या भाषेतील नाव, रचना उघड करणारे नाव आणि रूढ मराठी नाव. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्राथमिक शिक्षणात शक्य तेथे मातृभाषेचा पुरस्कार केला आहे. त्याचा अर्थ गणिताच्या तासाला काय होतो, याचा विचार अशा तपशिलांतूनच करावा लागेल.

६. अनुदिनीचा उपयोग

अनुदिनीचे मूळ स्वरूप म्हणजे दिनांकवार केलेली, इतरांस वाचावयास खुली असलेली नोंद. वर्गात तिचा आरंभ वहीपासून करण्यास काहीच हरकत नाही. वहीतील निवडक नोंदी पुढे वर्गाच्या सामायिक पृष्ठावर चढविता येतात. महत्त्व आहे ते नोंदीच्या रीतीस.

प्रत्येक मुलाने आठवड्यातून दोनदा, प्रत्यक्ष घडलेला एक हिशेब लिहावा. त्यात संख्या प्रथम बोलल्या जातात तशा अक्षरांत, नंतर अंकांत, आणि शेवटी हिशेब कसा केला ते वाक्यांत यावे. उदाहरणार्थ, अशी नोंद कल्पिता येईल : “आज दीड किलो कांदे घेतले. भाव किलोला तीस रुपये. दीड किलोचे पंचेचाळीस झाले. शंभराची नोट दिली. दुकानदाराने आधी पाच देऊन पन्नास केले, मग पन्नासाची नोट दिली.” या नोंदीखाली मूल १·५ × ३० = ४५ आणि १०० − ४५ = ५५ असे लिहील.

येथे शिक्षकाच्या हाती अध्यापनाची उत्तम सामग्री येते. दुकानदाराने वजाबाकी केलीच नाही; त्याने पंचेचाळिसापासून शंभरापर्यंत बेरीज करीत नेली. मुलाने शाळेत हातचा घेऊन वजाबाकी केली. दोहोंचे उत्तर एक का आले, या प्रश्नावर वर्गात चर्चा झाली की, वजाबाकी म्हणजे दोन संख्यांतील अंतर, ही कल्पना मुलास स्वतःच्या अनुभवातून कळते. दुसऱ्या मुलाने त्या नोंदीवर आपली वेगळी रीत लिहिली, तर एकाच प्रश्नाच्या अनेक रीती शेजारी शेजारी दिसू लागतात. वहीच्या खाजगी पानावर हे घडत नाही, आणि नोंद इतरांस खुली असण्याचा लाभ तो हाच.

गणित हे संवादातून सांगण्याची प्रथा आपल्याकडे नवी नाही. भास्कराचार्यांच्या ११५० च्या सुमारास सिद्ध झालेल्या ‘लीलावती’तील अनेक उदाहरणे समोरच्या व्यक्तीस उद्देशून विचारलेली आहेत. अनुदिनीत फरक एवढाच की, प्रश्न विचारणाराही मूलच असते.

७. ध्वनिपाठाचा उपयोग

लेखनात एक गोष्ट निसटते. मूल ‘त्रेपन्न’ ऐकून ३५ लिहिते, तेव्हा ते कोठे चुकले हे वहीवरून कळत नाही. नाव माहीत नव्हते, क्रम उलटला, की गणनाच चुकली? आवाज नोंदला असेल तर हे भेद उकलतात. म्हणून ध्वनिमुद्रण हे भाषाविज्ञानाच्या दृष्टीने निदानाचे साधन आहे.

मुलाने मोठ्याने विचार करीत सोडविलेले दोन मिनिटांचे उदाहरण साध्या मोबाइलवर मुद्रित करता येते. ते ऐकताना शिक्षकाने चुकांचे निदान तीन गट करावेत. पहिला उच्चारभेदाचा : ‘सोया’, ‘चायीस’. ही गणितातील चूक नव्हे आणि गणिताच्या तासाला ती दुरुस्त करण्याचे प्रयोजन नाही. दुसरा नाव व अंक यांच्या सांगडीचा : त्रेपन्न म्हणून ३५ लिहिणे, एकोणतिसासाठी ३९ लिहिणे. येथे ‘पन्नास तीन’, ‘वीस नऊ’ या पायरीवर परत जावे. तिसरा गणनक्रियेचा : पावणेतीनशेमध्ये पाव कशाची, हे न कळणे. येथे एककाची कल्पना शिकवावी लागेल. परीक्षेच्या गुणपत्रिकेत हे तिन्ही गट ‘चूक’ या एकाच शब्दाखाली येतात, आणि त्यामुळे उपायही एकच होतो : पुन्हा घोकणे.

निदानापलीकडे ध्वनिपाठाचा दुसरा उपयोग मालेच्या रूपाने होतो. गावातील दुकानदार, बैलजोडी विकणारा शेतकरी, मोजमाप करणारा गवंडी, घरखर्च सांभाळणारी आई यांनी आपला हिशेब कसा केला, हे त्यांच्याच आवाजात मुलांनी मुद्रित करावे आणि वर्गात ऐकावे. एकराचे गुंठे चाळीस, हे पुस्तकात वाचणे आणि दीड एकराचे साठ गुंठे कसे वाटले ते वडीलधाऱ्यांकडून ऐकणे, यांत शिकण्याच्या दृष्टीने मोठा फरक आहे. प्रस्तुत लेखकाच्या आजोबांस औटकी पाठ होती. ती त्यांच्या आवाजात कोणी मुद्रित केली नाही, आणि आता त्या कुटुंबात ती कोणास येत नाही. निहालीसारख्या भाषेच्या बाबतीत अशी हानी एका कुटुंबापुरती राहत नाही. कोरकू वा निहाली बोलणाऱ्या आजीने नातवास मोजण्यास शिकविल्याचे मुद्रण हे वर्गासाठी पाठ होईल आणि अभ्यासकासाठी नोंद.

ग्रामीण शाळेत श्राव्य साधन चालेल काय, ही शंका आता घेण्याचे कारण नाही. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकास क्यूआर संकेत जोडून त्यांतून ध्वनी व चित्रफिती मुलांपर्यंत पोचविल्या, आणि २०२० साली त्यांना ‘ग्लोबल टीचर’ पुरस्कार मिळाला. मात्र तेथील सामग्रीचा प्रवास मुख्यतः शिक्षकाकडून मुलाकडे होता. येथे सुचविलेला ध्वनिपाठ उलट दिशेने, मुलाकडून व गावाकडून वर्गाकडे येणारा आहे. दोन्ही दिशांची गरज आहे.

८. काही आक्षेप

पहिला आक्षेप वेळेचा. चाळीस मुलांचे मुद्रण एकाच शिक्षकाने ऐकणे अशक्य आहे, हे खरे. यास उत्तर असे की, प्रत्येक मुलाचे मुद्रण सत्रातून दोन-तीनदा झाले तरी निदानास पुरते. उरलेले काम मुलांनी परस्परांचे ऐकण्याने होते.

दुसरा आक्षेप प्रमाणभाषेचा. बोली वर्गात आली तर प्रमाण मराठी बिघडेल, अशी भीती व्यक्त होते. गणिताच्या तासाला बोलीचा स्वीकार केल्याने मराठीच्या तासाचे काम कमी होत नाही. किंबहुना ‘सोया’ आणि ‘सोळा’ ही एकाच शब्दाची दोन रूपे आहेत, हे मुलास उमगणे, ही प्रमाणभाषा शिकण्याचीच सुरुवात होय.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मुलाचा आवाज आणि घरचा हिशेब हे खाजगी आहेत. अनुदिनीत घरचे कर्ज उघडे पडू शकते; मुद्रण भलत्या हाती जाऊ शकते. वैयक्तिक विदेच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा अठरा वर्षांखालील व्यक्तीस बालक मानतो आणि तिच्या विदेच्या वापरासाठी पालकांची संमती आवश्यक ठरवितो. तेव्हा मुद्रणे शाळेबाहेर प्रसारित करू नयेत, नोंदीत नावे व घरचे खरे आकडे घेऊ नयेत, आणि पालकांस काय मुद्रित होणार ते आधी त्यांच्या भाषेत सांगावे. ध्वनिपाठाचे शैक्षणिक फळ त्याच्या प्रसिद्धीवर अवलंबून नाही.

९. समारोप

वरील विवेचनाचा इत्यर्थ असा की, व्यवहारगणित वर्गास सामग्री देते, अनुदिनी ती लेखनात आणून तपासण्याजोगी करते, आणि ध्वनिपाठ त्या सामग्रीची मूळ भाषा टिकवून धरतो. तिन्हींचा उपयोग सुटा सुटा केला तर त्यांचे रूपांतर उपक्रमात होते. एकत्र केला तर मुलाच्या बोलण्यातील ‘पावणेतीन’पासून वहीतील २·७५ पर्यंतची वाट दिसू लागते.

या विषयावर विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हाती घेण्याजोगी कामे पुष्कळ आहेत. मराठी मुलांच्या संख्यालेखनातील क्रमविपर्यासाचे इयत्तावार वर्णन, वऱ्हाडीतील संख्यावाचकांची ध्वनिरूपे, सातपुड्याच्या पायथ्याशी कोरकू व निहाली भाषक मुले मराठी गणना कोणत्या क्रमाने आत्मसात करतात, आणि अपूर्णांकवाचक शब्दांचा आजच्या पिढीच्या बोलण्यातील वापर, हे त्यांपैकी काही विषय. त्यासाठी महागड्या साधनांची आवश्यकता नाही. एक फोन, एक वही, आणि मूल जे बोलते ते दुरुस्त करण्यापूर्वी पूर्ण ऐकून घेण्याची तयारी एवढ्यावर कामास आरंभ करता येईल.